'विहिरीतली घंटा'विषयी आमच्या मंडळीची मते

७ जानेवारी १९७३, रविवार

मी कादंबऱ्या वाचत नाही. हे इथे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण आजपासून दर महिन्याला मला एका कादंबरीचे एक प्रकरण चर्चमध्ये मोठ्याने वाचावे लागणार आहे आणि पुढे कुणाचा गैरसमज नको. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरीही.

झाले असे की आमच्या नगरच्या मासिकाने नव्या वर्षापासून 'विहिरीतली घंटा' नावाची कादंबरी क्रमशः सुरू केली आहे. लेखक 'एक यात्रेकरू', म्हणजे नाव सांगायची छाती नाही. संपादकांनी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या चिटणिसांना कळवले आहे की ज्यांना वाचता येत नाही त्यांना उपासनेनंतर वाचून दाखवावे आणि त्यांची मते लिहून पाठवावीत. आमच्या मंडळीची चिटणीस मी. शाळेतली एकुलती शिक्षिकाही मीच. गावात दुसऱ्या कुणाला चार ओळी अडखळल्याशिवाय वाचता येत नाहीत, हे माझ्या शाळेचे अपयश आहे, पण सध्या सगळी मुले आईबापांबरोबर खडी फोडायला दुष्काळी कामावर जातात.

पहिल्या प्रकरणात एका गावच्या चर्चची घंटा चोरीला जाते. सुशीला नावाची मास्तरीण आणि योना नावाचा, गावोगाव उपदेश करत फिरणारा सुवार्तिक तिचा शोध घ्यायचे ठरवतात. मध्ये चार प्रार्थना.

मते पुढीलप्रमाणे. भिमाजी आमचे पंच आणि घंटाही तेच वाजवतात. ते म्हणाले, "घंटा गेली म्हंजे वाजवनारा काय निजला हुता का? आसलं लिवू नका म्हनावं." लंकाबाई म्हणाली, "ती मास्तरीन एकलीच ऱ्हाती? मंग सांजचं बोलायला कोन?" शेजारच्या छबूमावशी माझ्या आईच्या मैत्रीण. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून पहिल्या बाकावर बसतात. त्यांनी एवढेच विचारले, "लगीन कधी हाय?"

पाळक हिवाळेसाहेब पाच गावांच्या मंडळ्या सांभाळतात. एरवी उपासना संपली की सायकलला टांग मारून पुढच्या गावाला निघतात. आज शेवटच्या बाकावर बसून राहिले. नंतर माझ्याकडे चहा घेताना त्यांनी विचारले, लोक काय म्हणाले? स्वतः तिथेच बसलेले होते, तरी विचारले. चाळिशी उलटली की कान मंदावतात, असे माझे निरीक्षण आहे. मी सगळी मते पुन्हा सांगितली. त्यांनी तुमचे मत काय, असेही विचारले. मी म्हटले, प्रार्थना चार आहेत, दोन पुरल्या असत्या. ते बराच वेळ बशीकडे पाहत होते.

४ फेब्रुवारी, रविवार

दुसरे प्रकरण. पाण्याचा टँकर उपासनेच्या वेळीच आला, म्हणून वाचन उशिरा सुरू झाले.

सुशीलेच्या चष्म्याची काडी मोडलेली असते आणि ती काळ्या दोऱ्याने बांधून चष्मा वापरते. माझ्याही चष्म्याची तीच गत आहे, म्हणून मी अधिकाराने सांगू शकते की लेखकाला यातले काही कळत नाही. दोरा केसांत अडकतो, ओला झाला की सैल पडतो, आणि खाली बघितले की चष्मा नाकावरून घसरतो. लेखक म्हणतो की त्या दोऱ्यामुळे तिचा चेहरा 'अधिकच निश्चयी दिसे'. नुसत्या लांबून बघणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे हे. संपादकांना तसे कळवले.

वाचताना अधूनमधून समोर पाहावे, म्हणजे श्रोत्यांचे लक्ष टिकते, हे मी मुलांना शिकवते. आज समोर पाहिले तर सगळे जण माझ्याच तोंडाकडे पाहत होते. वाचन चांगले चालले असावे.

१३ फेब्रुवारी

हिवाळेसाहेब नगरहून येताना चष्म्याची नवी काडी घेऊन आले. सहज दुकानासमोरून जात होतो, म्हणाले. माप कुठून आणले, विचारले तर म्हणाले, अंदाजाने. काडी बरोबर बसली. मी आभार मानले. दोऱ्याची सवय झाली होती, आता उगाच कानामागे हात जातो.

४ मार्च, रविवार

तिसरे प्रकरण, आणि आजवरचे सर्वांत बरे.

घंटा चोरणारा कंत्राटदार सुशीलेला एका कोरड्या विहिरीत ढकलून देतो. ती पडते तीच घंटेच्या शेजारी. वरून तो ओरडतो, "तुला जित्ती सोडनार न्हाई!" तर ती खालून म्हणते, "'न्हाई' नव्हे. 'नाही'." इथे सगळी मंडळी इतकी हसली की मला थांबावे लागले. लंकाबाईने तोंडात पदर कोंबला. भिमाजी डोळे पुसत होते. हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. संकटात सापडले म्हणून कुणी शुद्ध भाषा सोडत नाही. त्या जागी कोणत्याही सुजाण बाईने हेच केले असते.

एक चूक मात्र ढळढळीत आहे. मागच्या प्रकरणात सुशीलेच्या चष्म्याला दोरा होता. या वेळी काडी धडधाकट! कुणी बसवली, कधी बसवली, काही पत्ता नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याने असले विसरून कसे चालेल? हिवाळेसाहेबांना मी हे दाखवून दिले, तर ते लालबुंद झाले. त्यांनाही राग आला असेल. ऊनही फार होते.

घरी येताना छबूमावशी म्हणाल्या, "मनू, काखेत कळसा आन् गावाला वळसा गं बाई." मी त्यांना मोठ्याने समजावून सांगितले की घंटा काखेत नाही, विहिरीत आहे. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांचे आता वय झाले.

८ मार्च

हिवाळेसाहेब रविवार नसताना, आडवारी संध्याकाळी आले. महत्त्वाचे बोलायचे आहे म्हणाले. मी हातातल्या पाट्या बाजूला ठेवल्या आणि ऐकायला बसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तिसगावच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्याने सायकल पंक्चर कशी झाली, ट्यूबला ठिगळ कसे लावले, आणि ते ठिगळ टिकेल की नाही, हे सविस्तर सांगितले. माझ्या मते टिकेल. ते उठले आणि दारात उंबऱ्याला अडखळले.

१८ मार्च, रविवार

आज उपासनेच्या शेवटी हिवाळेसाहेबांनी स्वतःच सांगितले. एक जूनपासून त्यांची बदली अकोल्याला. आम्ही जिल्ह्याच्या या टोकाला, अकोले त्या टोकाला.

अकोल्याला डोंगर आहेत, भात पिकतो, धरणाचे पाणी आहे. त्यांच्या प्रकृतीला ते मानवेल. इथे धुळीने त्यांना खोकला होतो. बदली होणे हे पाळकाच्या आयुष्यात ठरलेलेच असते. मी हे सर्व लंकाबाईला सांगितले.

भाकरी जळाली. दुसरी टाकली, तीही जळाली.

१ एप्रिल, रविवार

चौथे प्रकरण. योना दोर लावून सुशीलेला विहिरीतून वर काढतो. हाताची सालटी निघतात. दोघे विहिरीच्या काठावर बसतात. योना म्हणतो, "सुशीलाबाई, मला महत्त्वाचे बोलायचे आहे." आता काय म्हणतो म्हणून खडी फोडून थकलेली माणसे पुढे सरकून बसली. आणि तो पंक्चरची गोष्ट सांगतो. प्रकरण समाप्त.

मंडळीत असा गोंधळ मी पंचांच्या निवडणुकीलाही पाहिलेला नाही. भिमाजी म्हणाले, "ह्याला परत हिरीत टाका." लंकाबाई शेवटच्या बाकाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "ताकाला जायचं आन् भांडं लपवायचं, ही कुठली रीत?" हिवाळेसाहेब त्याच बाकावर होते. बिचारे खाली बघत होते. त्यांचीही सायकल मागे पंक्चर झाली होती, म्हणून त्यांना योनाची दया येत असावी. या भागातल्या रस्त्यांवर सगळ्यांचेच पंक्चर होते.

माझा संताप झाला. एवढा का झाला ते सांगता येत नाही, पण झाला. घरी येऊन मी संपादकांसाठी माझे मत लिहून काढले. योना हा गुळाचा गणपती आहे. ज्याला चार शब्द बोलता येत नाहीत त्याच्यासाठी स्त्रीने का थांबावे? शेवटच्या प्रकरणात सुशीलेने त्याला स्पष्ट नकार द्यावा, आपली शाळा सांभाळावी, आणि त्याला जिथे जायचे तिथे खुशाल जाऊ द्यावे.

३ एप्रिल

टपालात टाकण्यापूर्वी हिवाळेसाहेबांना मत वाचून दाखवले, कारण एखाद्यावर अन्याय होत असेल तर त्यांना चटकन कळते. ते ऐकत राहिले. 'खुशाल' या शब्दाशी त्यांनी मला थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले.

"हे तुमचं पक्कं मत आहे?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "मी मत देते ते पक्केच देते."

"वाचकाचं मत मानलं पाहिजे," असे म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला. टोपीही राहिली. एवढ्या उन्हात बोडक्याने गेले.

टोपी खुंटीवर ठेवली आहे.

२२ एप्रिल, पुनरुत्थान रविवार

पहाटेची उपासना झाली. उपदेश लहान होता. हिवाळेसाहेब माझ्याशी फक्त वर्गणीबद्दल दोन वाक्ये बोलले. टोपी परत द्यायची राहिली. म्हणजे मी आठवण केली नाही.

मला वाईट वाटते आहे. कशाचे ते नीट मांडता येत नाही आणि जे मांडता येत नाही ते लिहू नये, असे मी मुलांना सांगते. तरी लिहिते. आईला देवाघरी जाऊन सहा वर्षे झाली, तेव्हापासून एकटीने जेवायची मला सवय आहे. या महिन्यात ती सवय मोडल्यासारखी झाली आहे. ताट वाढते आणि सायकलच्या घंटीकडे कान लागतो.

६ मे, रविवार

जसे घडले तसे लिहिते.

शेवटचे प्रकरण वाचले. घंटा चर्चमध्ये परत येते. कंत्राटदाराला पश्चात्ताप होतो. सुशीला योनाला म्हणते की मला मुलांचे पाढे घ्यायचे आहेत, तुम्ही खुशाल जा. योना जातो. संपादकांनी माझे मत शब्दन् शब्द मानले होते. मला अभिमान वाटायला हवा होता. शेवटच्या पानावर माझा आवाज बसला. धूळ फार होती.

मग भिमाजी उभे राहिले.

"बाई, माझी हरकत हाय."

मी म्हटले, "भिमाजी, हरकत लग्नाच्या हाकेला घेतात. कादंबरीला नाही."

आमच्यात लग्न ठरले की लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये त्याची हाक देतात, दोघांची नावे पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का, असे विचारतात. माझ्या माहितीत आजवर कुणी उभे राहिलेले नाही.

"त्येच म्हनतो मी," भिमाजी म्हणाले. "लगीन लागायचं आसलं तर तीन-तीन रविवार इचारता, कुनाची हरकत हाय का. मंग मोडायचं आसलं तर एकदा तरी इचारा की! छापून आलं आन् मोडलं, आसं कसं?"

पंचांनी रीतसर हरकत घेतली की चिटणिसाला कारण विचारावेच लागते. मी कारण विचारले. ते माझे कर्तव्य होते.

कारण सांगायला लंकाबाई उठली. "त्यानं तिला हिरीतनं काढली. हाताची सालटी निघाली. आन् ही म्हनती, मला पाढे घ्यायचेत! पाढे काय पळून जात्यात व्हय?"

सुशीलेची बाजू घ्यायला कुणीच नव्हते, म्हणून मी घेतली. मी म्हटले, "पण त्याने तिला विचारले कुठे? महत्त्वाचे बोलायचे आहे म्हणाला आणि पंक्चर सांगत बसला. तिने हातातले काम बाजूला ठेवले होते. ती ऐकायला बसली होती! न विचारलेल्या प्रश्नाला तिने काय उत्तर द्यायचे?" माझा आवाज चढला होता. भिंतीवरची पाल पळाली.

छबूमावशी काठी टेकत उठल्या आणि शेवटच्या बाकाकडे वळल्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "योनाचं काय म्हननं हाय?"

हिवाळेसाहेब उभे राहिले. टोपी नव्हती, म्हणून त्यांना हातांचे काय करावे ते कळेना.

"योनाला विचारायचं होतं," ते म्हणाले. "पाचव्या प्रकरणात तो विचारणार होता. लिहूनही झालं होतं. मग एका वाचकाचं मत आलं, म्हणून खोडलं."

"कुणी खोडले?" मी विचारले.

"मी."

"आणि कोणत्या वाचकाचे मत?" हे मी निव्वळ सवयीने विचारले. वाक्य संपण्यापूर्वीच माझा हात कानामागे चष्म्याच्या काडीवर गेला होता.

विहिरीतली ती शुद्ध भाषा. दोरा. काडी. बाभळीचा काटा. सगळ्या मंडळीला जानेवारीपासून ठाऊक होते आणि वाचून मी दाखवत होते. मला लाज वाटली, अंगाला घाम सुटला इतकी लाज वाटली. नंतर राग आला. आणि त्या दोन्हींच्या मागून इतका आनंद झाला की मी मासिक उलटे धरले आहे, हे लंकाबाईला सांगावे लागले.

मी मासिक सुलटे केले. चिटणीस या नात्याने मी जाहीर केले की भिमाजींची हरकत मंजूर आहे आणि संबंधित वाचक आपले मत मागे घेत आहे.

चहाला हिवाळेसाहेब आले. मी टोपी दिली. त्यांनी ती घातली, काढली, आणि म्हणाले, "अकोल्याला यायचं का?"

या वाक्यात कर्ता नव्हता. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिले.

"मनोरमाबाई," ते म्हणाले, "तुम्ही माझ्याशी लग्न करून अकोल्याला याल का?"

मी होय म्हटले. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच घेतला.

२० मे, रविवार

जिल्हाभरातून तक्रारी गेल्या आहेत. संपादक जूनच्या अंकात सुधारित शेवट छापणार आहेत. मजकूर मी तपासून दिला. दोन प्रार्थना काढल्या. पंक्चर ठेवले.

शाळेची काळजी वाटते. नवी बाई येणार आहे, पण केव्हा, ते कुणालाच माहीत नाही. आज भिमाजींना म्हटले की मुलांना सोडून जाताना माझा जीव तुटतो. ते म्हणाले, "तुटू द्या की. न तुटता कोन जातं?"

३ जून, रविवार

हिवाळेसाहेब परवा अकोल्याला रुजू झाले. नवे पाळक अजून आलेले नाहीत. पाळक नसले की उपासना पंच चालवतात आणि जाहीर सूचना चिटणीस वाचते, अशी आमच्या मंडळीची रीत आहे. तेव्हा आज लग्नाची हाक मलाच द्यावी लागली. दुसऱ्या कुणी वाचावी, असे मी सुचवून पाहिले. भिमाजी म्हणाले, "चार वळी सरळ वाचनारं दुसरं हाय कोन गावात?" हे खरे होते.

चर्च भरलेले होते. कामावरून सुट्टी नव्हती तेही आले होते. मी उभी राहिले आणि वाचले: अकोले मंडळीचे पाळक दीनानाथ हिवाळे आणि या मंडळीच्या मनोरमा शांतवन साळवे यांचा विवाह ठरला असून ही त्याची पहिली हाक आहे. माझे नाव वाचताना मी कुठेही अडखळले नाही. मग वाचले, "या विवाहास कोणाची काही हरकत असल्यास त्याने ती आताच सांगावी."

इथे थोडे थांबायचे असते. इतकी वर्षे मी हे वाक्य ऐकत आले, त्यानंतरची शांतता एवढी लांब असते हे मला माहीत नव्हते. मला भीती वाटली. खरोखरच वाटली. आता कुणी उठेल आणि म्हणेल, हिचे वय काय, हिचे हे काय, असे वाटत राहिले.

पहिल्या बाकावर छबूमावशींनी काठी आपटली.

"हरकत न्हाई!" त्या ओरडल्या. "कुनाचीबी न्हाई! फुडं वाच!"

'न्हाई' नव्हे, 'नाही', हे मी त्यांना सांगितले नाही. पुढची सूचना वाचली.